बायकांच्या बाजूचा रुमाल्या

ज्वारी काढणीला आली की माझ्या नाकात दोन वास एकदम शिरतात. एक नव्या कडब्याचा, गोडसर, जरा घशात खवखवणारा. दुसरा ओल्या मांजरपाटाचा. पहिल्याचं कुणाला नवल नाही. दुसऱ्याचं मात्र माझ्या नातसुनेला, सुवर्णाला, फार नवल. "आजी, ज्वारीचा आणि ओल्या कापडाचा काय संबंध?" असं ती दर माघात विचारते आणि दर माघात मी "सांगीन गं कधीतरी" म्हणून टाळते. कारण त्या वासामागून एक माणूस येतो. गळ्यात काळा रुमाल, तोंडात पान, आणि चालणं असं की जमीन याच्या बापाची. तो आठवला की हातातला घास परत ताटात ठेवावासा वाटतो.

यंदा टाळता आलं नाही. विजयनं, म्हणजे माझ्या नातवानं, भिंतभर टीव्ही आणलाय. रविवारी चर्चहून आलो, जेवणं झाली, तर त्याचे मित्र जमलेले. मला हाक मारली, "आजी, ये इकडं, तुझ्या वेळचा पिक्चर लावलाय. लोक अजून याच्यावरून भांडतात बघ. कुणी म्हणतं घाण आहे, कुणी म्हणतं असा नागडा, खरा पिक्चर पुन्हा कुणाला जमला नाही." मी चष्मा पुसत बसले, आणि पहिल्यांदा दिसला तो रुमालच. इतकी वर्षं गेली, तो पडद्यावरचा मनुष्य मरून कधीच माती झाला असेल, पण थुंकतोय अजून तसाच.

लढाई चालू होती तेव्हाचं सांगते. नगरला लष्कराच्या गाड्यांची रीघ, रॉकेल मापात, कापड मापात, आणि सरकारी माणूस थेट खळ्यावर येऊन लेव्हीची, म्हणजे सक्तीनं द्यायची, ज्वारी उचलून न्यायचा. आमचं गाव संगमनेरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठापासून जरा आत. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची थोडी घरं आणि मध्ये एक कौलारू चर्च. त्यात बाप्ये उजवीकडं बसायचे, बायका डावीकडं. आबांची, माझ्या वडिलांची, थोडी जिरायत होती. मळणीच्या वेळी आमचं खळं लांबूनसुद्धा ओळखू यायचं. दुसऱ्यांच्या बैलांच्या तोंडाला मुसकं असायचं, आमचे बैल मोकळ्या तोंडानं फिरायचे. मळणीच्या बैलाचं तोंड बांधायचं नाही, असं बायबलात आहे म्हणून आमचे लोक पाळायचे. बैल मध्येच थांबायचा, एक कणीस उचलायचा, डोळे मिटून चावायचा, मग पुढं चालायचा. शेजारचे हसायचे, "आबा, तुमचं निम्मं पीक तर बैलच नेतोय." आबा म्हणायचे, "नेऊ द्या. निम्मं काम बी त्योच करतोय."

खळी आटपत आली की तंबूचा सिनेमा यायचा. नदीकडच्या माळावर बैलगाड्यांतून सामान उतरायचं, खांब रोवायचे, कनाती लागायच्या. सुट्ट्या पैशांची तेव्हा फार टंचाई, म्हणून तंबूवाला ओंजळभर ज्वारी घेऊनही आत सोडायचा. तंबूच्या बरोबर मधोमध मांजरपाटाचा मोठा पडदा. त्याच्या पुढच्या बाजूला बाप्ये आणि ते यंत्र, मागच्या बाजूला आम्ही बायका. मागून चित्र ठसठशीत दिसावं म्हणून दिवेलागणीला तंबूवाल्याची माणसं पडद्यावर पाणी शिंपडायची. तोच तो वास. ओलं कापड, खाली तुडवलेलं गवत, आणि बायकांच्या पदरांना लागलेला कडबा.

एक गोष्ट आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात तेव्हा आली नाही. मागून बघितलं की चित्र उलटं दिसतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. सुरुवातीला अक्षरं यायची खरी, पण ती इंग्रजी. उलटी का सुलटी आम्हाला काय कळणार! गाड्या, घरं, माणसं तर उलटीकडूनही तशीच दिसतात.

त्या वर्षी आला तो हा सिनेमा. त्याचं खरं नाव गावात कुणी घेतलं नाही, सगळे त्याला रुमाल्याचा शिनेमा म्हणत. मुंबईच्या गोदीतला एक गुंड. चोऱ्या करतो, टोळी जमवतो, ज्यानं भाकरी दिली त्याच दोस्ताला पाण्यात ढकलतो. एक गाणारीण असते, ती त्याला "हे सोड" म्हणून विनवते. तो पान थुंकतो, हसतो आणि हाताच्या उलट्या बाजूनं तिच्या थोबाडीत मारतो. रुमाल गळून खाली पडतो. ती गाल धरून उठते, आणि तोच रुमाल झटकून परत त्याच्या गळ्यात बांधते. इथं पलीकडच्या बाजूनं अशा शिट्ट्या उठायच्या की पडदा थरथरायचा. आमच्या बाजूला मात्र सगळं गप्प. तान्ही पोरंसुद्धा गप्प, का कोण जाणे.

दीनाआत्या, आबांची विधवा बहीण, आमच्याच घरात असायची. जीभ अशी की कालवणात वेगळं तिखट घालायला नको. ती एकदा उठून पायातली वहाण काढून पडद्याला मारायला निघाली. आईनं तिचा पदर ओढला.

"आत्याबाई, बसा खाली. ते कापड हाय."

"कापड हाय म्हून तर मारतेय! माणूस असता तर तंगडी मोडली असती मेल्याची. अन् बघ तरी, मारतोय कसा डाव्या हातानं. डावखुरा हाय. सैतानाचं माणूस असंच वळखावं."

झालं. बायकांत ते पक्कं बसलं. पाणवठ्यावर, खळ्यावर, चर्चच्या पायरीवर तेच: डावखुरा मेला. आणि शिव्या घालत सगळ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच! या गोष्टीची मला जास्त किळस येते, आमची आम्हालाच. चिखलात काय पडलंय बघायला वाकावं, नाक दाबावं, आणि तरी वाकलेलंच राहावं, तसं.

पलीकडं बाप्यांची तऱ्हा निराळी. गावातल्या प्रत्येक तरण्याच्या गळ्यात चिंधी आली. काळं कापड मिळेना, तर कुणी धोतराची किनार बांधली, कुणी छत्रीचं कापड फाडलं. चहाच्या हॉटेलासमोर उभं राहून थुंकायचं, डोळा बारीक करायचा आणि हवेत उलटा हात फिरवायचा. पाळकांनी रविवारी चर्चमध्ये त्या सिनेमाविरुद्ध सांगितलं, तर संध्याकाळी तंबूत नेहमीपेक्षा गर्दी.

अशा दिवसांत माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न ठरायचं होतं. अक्का मिशनच्या शाळेत शिकलेली, शांत, पण एकदा काही मनात आलं की तिथून न हलणारी. मला शाळा फारशी मिळाली नाही. जे काय वाचते-लिहिते ते अक्काच्या मांडीशी बसून, चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवलेलं.

पहिलं स्थळ आलं राजूरचं. डोंगरातल्या शाळेवरचे मास्तर, दाविद त्यांचं नाव. येताना तिकडचा वासाचा तांदूळ फडक्यात बांधून आणला होता. सडपातळ, जरा लाजरे. अक्काला विचारलं तर काय, "आमच्याकडं पाऊस लई असतो. कपडे वाळत नाहीत. चालंल का तुमाला?" अक्का खाली बघून हसली. मी दारात लोंबकळत होते, तर त्यांनी चुलीतला कोळसा मागितला आणि ओट्यावर मला कावळा काढून दिला. असा हुबेहूब, की उडेल. आणि आतून दीनाआत्याचा श्वास मला ऐकू आला. कोळसा डाव्या हातात होता. मग चहा आला. कपही त्यांनी डाव्याच हातानं उचलला.

"बघितलंस?" आत्यानं आईचा दंड धरला. "त्याच हातानं!"

"अवो, पण मानूस गरीब दिसतंय."

"त्यो रुमाल्या तरी सुरवातीला काय वाघ दिसतोय का? गरीबच दिसतोय. मग हात उचलतोय."

आईचा चेहरा उतरला. आईनं तो सिनेमा मन लावून पाहिला होता, आणि मारणारा हात कसा असतो ते तिला ठाऊक होतं असं तिला वाटत होतं. मास्तरांना निरोप गेला: मुलगी अजून लहान आहे.

दुसरं स्थळ केडगावचं. शमुवेल. लष्करात लॉरी चालवायचा, अंगावर खाकी, केसांना तेल, आणि गळ्यात खरा, काळा, रेशमी रुमाल. आबांना तो पसंत. तरण्या पोरांना तर इतका पसंत की ती त्याच्यामागून फिरायला लागली. त्यानं म्हणे नगरच्या थेटरात तो सिनेमा इतक्यांदा बघितला होता की सगळा तोंडपाठ. आणि आत्या काय म्हणाली? "पोरगं जरा फॅशनी हाय, पर हात सुलटा हाय." बायका आणि बाप्ये यांचं आमच्या घरात कधी कशावर एकमत व्हायचं नाही. ते एवढ्या एकाच गोष्टीवर झालं, बाप्यांचं सिनेमा आवडला म्हणून, बायकांचं आवडला नाही म्हणून.

त्या दिवशी खळ्यावर मळणी चालली होती. मधल्या खांबाला जोडलेले बैल कणसांवरून गोल गोल फिरत होते. पाहुणा तिथंच बाजेवर बसला. पोरं म्हणाली, "शमुवेलदादा, करून दाखवा की!" त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. उठला, रुमाल सारखा केला, डोळा बारीक केला, थुंकला. मान वळवणं, खांदा उडवणं, ते पाय ओढत चालणं, सगळं तसंच्या तसं. मला भीतीच वाटली, पडद्यातून निघून खळ्यावर आला म्हणून. एवढ्यात आमचा हरण्या बैल त्याच्यापुढं येऊन थांबला, खाली वाकला, एक कणीस तोंडात घेतलं. शमुवेल हसला, आणि हाताच्या उलट्या बाजूनं त्याच्या नाकाडावर सणसणीत ठेवून दिली. हरण्याच्या तोंडातलं कणीस गळून पडलं.

पोरं हसली. पाहुणे हसले. आबाही जरा उशिरानं हसले, ते मला अजून दिसतं. खळ्याच्या कडेला अक्का सूप घेऊन उभी होती. ती बैलाकडं बघत नव्हती, शमुवेलच्या हाताकडं बघत होती.

घरी येताना मला म्हणाली, "यानं सगळं बरोबर केलं गं. थुंकला बी तसाच. मग हातच कसा चुकला याचा?"

"कुठला हात?"

"उजव्यानं मारलं त्यानं. रुमाल्या डाव्यानं मारतो."

"विसरला असंल."

"असली माणसं हे इसरत नसतात," अक्का म्हणाली.

संध्याकाळी आम्ही तंबूत गेलो. शमुवेल आणि आबा पलीकडं, आम्ही अलीकडं. अक्का माझ्या शेजारी, पडद्याच्या कडेच्या खांबाजवळ बसली. गाणारीण आली, विनवू लागली. अक्का उठली. मला वाटलं, बाहेर जायचंय. ती खांबाला वळसा घालून सरळ पलीकडं, बाप्यांत गेली.

मी तिच्यामागं कनातीला चिकटून डोकं काढलं. सगळा अंधार डोक्यांनी भरलेला, विड्यांचा धूर, आणि त्या धुरातून यंत्राचा झोत अक्काच्या अंगावर. तिची सावली त्या गाणारणीच्या शेजारी पडद्यावर उभी राहिली. लोक ओरडले, "ए बाई, बस खाली!" कुणी शिट्टी मारली, आणि एकजण म्हणाला, "अगं, रुमाल बांधायला आली काय?" हसण्याचा लोट उठला. आबांना ती अजून ओळखू आली नव्हती. अक्का हलली नाही. मान वर करून बघत राहिली. रुमाल्यानं हात उचलला. पलीकडच्या बाजूनं बघितल्यावर तो उजवा होता.

ती परत आली तेव्हा बायकांत कुजबूज माजली होती. आत्या तर फणफणत होती. "अगं भवाने, बाप्यांत जाऊन उभी ऱ्हायलीस? काय बघायचं हुतं तिथं?"

अक्का शांतपणे म्हणाली, "आत्या, त्यो डावखुरा न्हाई. आपन मागून बघतो म्हून तसं दिसतं. त्यो उजव्याच हातानं मारतोय. सगळ्यांसारखा."

"सगळ्यांसारखा" म्हणाली ना, त्यावर कितीतरी बायका गप्प झाल्या. माझ्या शेजारच्या एकीनं नकळत आपल्या गालाला हात लावला. मी लहान होते, पण ते मी पाहिलं.

घरी आबा संतापले होते. नाक कापलंस म्हणाले. केडगावचे पाहुणे त्याच पावली निघून गेले होते, बाप्यांत जाऊन उभी राहणारी पोरगी आम्हाला नको म्हणून. अक्का चुलीशी बसली होती. ती म्हणाली, "आबा, आपन बैलाला मुसकं घालत न्हाई. त्यानं एक कणीस खाल्लं तर पाव्हण्यानं त्याला मारलं, अन् तुमी हसलात. त्या घरात मी एक घास जादा खाल्ला, एक शब्द जादा बोलले, तर तुमी तिथं हसाया बी नसाल."

आबा उठून गोठ्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. आई बघायला गेली, तर हरण्याच्या नाकावर हात फिरवत उभे.

मग राजूरला निरोप पाठवायची गोष्ट आईनंच काढली. आत्या पुटपुटली, पण अडवलं नाही. मास्तर पुन्हा आले, पुन्हा तांदूळ आणला. आईनं चहाचा कप नेला आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून पुढं केला. मास्तर गोंधळले. आत्तापर्यंत कुणी त्यांना त्या बाजूनं काही दिलं नसावं.

इथं संपवता आलं असतं तर बरं होतं. पण खरं ते सांगते. अक्काचं मास्तरांशी लग्न झालं, आणि काही वर्षांनी तोच सिनेमा राजूरच्या बाजारात तंबूत आला. मी तेव्हा अक्काकडं होते. अक्का गेली नाही. मास्तर गेले, आणि येताना गुणगुणत आले. अक्कानं विचारलं, "कसा व्हता?"

मास्तर जरा चाचरले. "वाईट आहे गं. पण काय सांगू, डोळा हलत नाही. कुणापुढं वाकत नाही तो माणूस."

अक्कानं त्या दिवशी त्यांना भाकरी वाढली नाही. "घ्या हातानं," म्हणाली. "दोन हायेत तुमाला." मास्तर निमूट उठले, घेतली. आणि ते म्हणाले त्यातलं खोटं काहीच नव्हतं, याचाच मला राग येतो. ते दिवस वाकायचेच होते. साहेबापुढं वाका, लेव्हीच्या माणसापुढं वाका, रॉकेलच्या रांगेत वाका. दिवसभर वाकलेल्या माणसाला तंबूत एक ताठ माणूस दिसला, तर त्याचा डोळा कसा हलावा? एवढं मला कळतं. पण तो ताठपणा दर वेळी एखाद्या बाईच्या गालावर किंवा बैलाच्या नाकावरच का उतरतो? साहेबाच्या थोबाडीत मारलेली मी त्या सिनेमात एकदाही पाहिली नाही. साहेब आला की रुमाल्या पळून जातो. हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. शिट्टी त्या एकाच ठिकाणी वाजते.

रविवारी तेच झालं. विजयच्या मित्रांना सगळे बोल पाठ. गाणारीण आली तसे सरसावून बसले. उलटा हात फिरला, आणि ही शिकलीसवरली पोरं हसली. एक म्हणाला, "परत लाव, परत लाव." विजयनं मागं नेऊन परत लावलं. ती बाई परत पडली, परत उठली, परत रुमाल बांधला. आम्हाला दिवसाला एकदा बघावं लागायचं ते. यांना पाहिजे तितक्यांदा.

सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पडद्याकडं तिचं लक्षच नव्हतं. ती विजयच्या चेहऱ्याकडं बघत होती, जशी अक्का त्या हाताकडं बघत होती तशी. मला एकदम ओल्या मांजरपाटाचा वास आला, भर दुपारी, कोरड्या खोलीत.

"कसा वाटला, आजी?" विजयनं विचारलं.

मी म्हटलं, "बाळा, आमच्या वेळी बायका पडद्याच्या मागून बघायच्या. आम्हाला तो हात डावा दिसायचा. वाटायचं, असं करणारा कुणीतरी वेगळाच, सैतानाचा माणूस असेल. तुमच्या टीव्हीला मागची बाजू नाही. तुम्हाला सगळं सुलटं दिसतंय. हात कुठला ते दिसतंय, गाल कुणाचा ते दिसतंय. तरी हसताय होय रे?"

मित्र मोबाईल बघायला लागले. मी काठी घेऊन उठले आणि सुवर्णाच्या हातातला ट्रे खाली ठेवायला लावला. म्हटलं, "ये बाई आत. दर माघात विचारतेस ना, त्या ओल्या कापडाचं सांगते. चहा घेतील ते. हात आहेत त्यांना."